हरणाच्या चान्या

धाकट्या किरणची यूट, मागं उघडी फळी असलेली गाडी, फाटकातून आत आली तेव्हा शांताबाई व्हरांड्यात लसूण सोलत बसल्या होत्या आणि मनातल्या मनात थोरल्या लेकाशी भांडत होत्या. हे भांडण गेल्या सप्टेंबरपासून रोज चालू होतं. त्यात धर्मपाल एकदाही जिंकला नव्हता, कारण बिचाऱ्याला त्याची खबरच नव्हती.

भांडण होतं सात मिनिटांचं. बीडच्या दवाखान्यातून नवऱ्याचा, म्हणजे पोरांच्या दादांचा, तुळशीरामांचा शेवटचा फोन आला तो धर्मपालच्या फोनवर. इकडं परदेशात, धर्मपालच्या क्वेकर्स हिलच्या घरी, सकाळचे साडेनऊ वाजले होते. धर्मपाल फोन घेऊन गॅरेजमध्ये गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. दाराला काच होती, शांताबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. पोराचे ओठ हलत नव्हते. तो नुसता ऐकत होता. सात मिनिटं ऐकत होता. मग बाहेर आला, डोळे पुसले आणि म्हणाला, "दम लागला होता गं. काही बोलले नाहीत." त्याच संध्याकाळी तुळशीराम गेले.

दम लागलेला माणूस सात मिनिटं काय करतो? शांताबाईंनी पोराला चार वेळा विचारलं. चारही वेळा "काही नाही आई, झोप आता." अठ्ठावन्न वर्षांचा संसार, आणि बायकोसाठी एक शब्द नाही? त्यांचा विश्वास बसत नव्हता. तीन महिन्यांसाठी म्हणून आलेली बाई सव्वा वर्ष इथं अडकून पडली होती. कोरोनात विमानं बंद झाली, मग थोडी सुरू झाली. किरण म्हणाला, परतीच्या विमानाच्या यादीत आईचं नाव घाल, दादा तिकडं एकटे आहेत. धर्मपाल म्हणाला, ह्या वयात विमानात बसवून मरायला पाठवू का? मरायचं ते तिकडं मरून गेलं. त्यावरून भावाभावांत फोनवर जी जुंपली, त्यानंतर दोघं एकमेकांसमोर आले नव्हते. आज ईस्टरच्या शनिवारी किरणच्या घरी येणार होते, दादांच्या स्मरणिकेच्या निमित्तानं. शांताबाई आधीच इथं येऊन राहिल्या होत्या. सगळ्यांच्या देखत विचारायचं, असं शांताबाईंनी ठरवून टाकलं होतं. चारचौघांत माणसाला खोटं बोलायला जड जातं.

"आजी! आजी, लुक! वी गॉट वन!"

अनुप यूट थांबायच्या आधीच उडी मारून उतरला. हा धर्मपालचा मुलगा. युनिव्हर्सिटी ऑनलाइन झाल्यापासून तो ओबेरॉनच्या पुढच्या ह्या माळावर काकाकडेच राहायला आला होता आणि अभ्यास सोडून बाकी सगळं शिकला होता. यूटच्या मागच्या फळीवर ठिपक्यांचं एक हरीण आडवं पडलं होतं. किरणनं बंदूक उतरवली, गोळ्या खिशात घातल्या आणि आईकडं बघून जरा ओशाळून हसला.

"शेजाऱ्यांच्या कुंपणाचं वाटोळं करतात गं ही. एक मारलं की चार पळतात."

शांताबाईंनी हरणाकडं पाहिलं. पोट तट्ट फुगलं होतं.

"कधी मारलंत?"

"सहाला."

"आता आठ वाजलेत. पोट जागेवर का नाही उतरवलं?"

किरण बघतच राहिला. "काय?"

"पोटात आग असते. मांस आतून शिजतं नि वास मारतं. जाऊ दे, तुमचं तुम्ही करा." आणि त्या पुन्हा लसणाकडं वळल्या. नको ते आपण बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

घरासमोर निलगिरीचं जुनं झाड होतं. त्याच्या आडव्या फांदीला काका-पुतण्यांनी हरणाचे मागचे पाय बांधले आणि ते उलटं टांगलं. अनुपनं बादलीला टेकवून फोन उभा केला. फोनमध्ये एक दाढीवाला गोरा माणूस हसत हसत हरीण कापत होता. अनुपच्या हातात नवी कोरी सुरी होती, वीतभर लांब. किरण बॅथर्स्टला नर्स, बायको सोडून गेल्यापासून इथं एकटा. माणसांची पोटं त्यानं शिवलेली पाहिली होती, पण हरणाचं हे त्याचंही पहिलंच. आतापर्यंतची दोन शेजाऱ्यांनीच साफ करून दिली होती. शांताबाई तिकडं बघायचं नाही म्हणत होत्या आणि पाकळी सोलायची सोडून बघत होत्या.

अनुपनं सुरी खुपसली. फुस्स झालं, आणि असा वास सुटला की किरणचा कुत्रासुद्धा मागे सरला.

"ओ शिट. काका, आय थिंक आय हिट द स्टमक."

"नो वरीज, नो वरीज. होज आण, धुऊन काढू."

"पाणी घालू नका!"

शांताबाई उठल्या होत्या. कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. मांडीवरच्या पाकळ्या पायऱ्यांवर सांडल्या. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांनी रोज रडणारी, तरातरा झाडापाशी गेली आणि नातवाच्या हातातला पाइप तिनं काढून घेतला.

"पाण्यानं घाण सगळीकडं पसरते. कोरडं फडकं आण. आणि ही तलवार ठेव बाजूला. कांदा चिरायची सुरी आण, धारेची."

"आजी, यू नो हाऊ टु डू धिस?"

"आण म्हटलं ना."

मग एकोणपन्नास वर्षांनी शांताबाईंच्या हातात सुरी आली. कांदे-बटाटे धरून नव्हे. ती काय रोजच येते. त्यांनी आधी शेपटीखाली गोल चिरा देऊन आतडीचं तोंड सुतळीनं आवळून बांधलं. मग पोटावर दोन बोटं आत घातली, बोटांच्या बेचक्यात पातं धरलं, धार बाहेरच्या बाजूला, आणि वरून खाली अलगद येत गेल्या. कातडी दोरा उसवावा तशी सुटत गेली. कोथळा, आतडी, सगळं एका लोंढ्यात खालच्या टबात उतरलं. जिथं घाण लागली होती तिथं फडक्यानं पुसलं, आणि बोटभर जाडीचं मांस सरळ कापून फेकलं. काळीज हातात घेऊन उजेडाकडं धरलं, उलटंपालटं केलं.

"डाग नाही. निरोगी जनावर होतं. हे ठेव झाकून, आजच करायचं."

"लेजंड! आजी, यू आर अ लेजंड!"

"आता कातडं. सुरी नको. मूठ लाव. कातडं आणि मांस ह्यांच्या मधे मूठ घाल आणि रेट. सुरीनं कातड्याला भोकं पडतात."

नातू मूठ लावून रेटू लागला. त्या त्याचं मनगट धरून दाखवत होत्या. इथल्या एप्रिलची थंडी होती, जनावराच्या अंगातून अजून वाफ येत होती, आणि शांताबाईंना बरं वाटत होतं. ते खोटं कशाला बोला? सव्वा वर्ष ह्या देशात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. टीव्हीचा रिमोट कसा धरायचा इथपासून त्यांना सगळं शिकवलं जात होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडून शिकत होतं. आणि बरं वाटतंय ह्याचीच त्यांना आतून लाजही वाटत होती.

"कुणी शिकवलं गं?" किरणनं हळूच विचारलं.

"माझ्या आईनं. आमच्या गावात तुमच्या दादांच्या गावानंतर बंद झालं. लग्नापर्यंत माझे हात ह्यातच होते."

काय बंद झालं ते त्याला ठाऊक होतं. ओव्हाळांच्या घरातल्या प्रत्येक पोराला ते ठाऊक होतं. गावात मेलेलं ढोर ओढायचं, सोलायचं, आणि पोटाला काही नसलं की त्याचंच मांस खायचं, हे ज्या वस्तीच्या कपाळी लिहिलं होतं, त्या वस्तीला तुळशीरामांनी अठराव्या वर्षी शपथ घालून घरोघरच्या सुऱ्या विहिरीत टाकायला लावल्या होत्या. ती गोष्ट ह्या घरात दुधाबरोबर पाजली जात असे.

मांडीचं मांस मोकळं झालं, तसा अनुप म्हणाला, "सो मच मीट. फ्रीजर फुल आहे काकाचा."

"मग चान्या करू."

"व्हॉट्स दॅट?"

त्यांनी करून दाखवलं. मांसाचा गोळा पाटावर घ्यायचा, पातळ कापत जायचं, पण शेवटाला तुकडा तोडायचा नाही. गोळा फिरवायचा आणि उलट्या बाजूनं परत यायचं. असं पुढं-मागं करत सगळा गोळा उलगडला की हातभर लांब पट्टा होतो. त्याला मीठ-हळद चोळायची आणि दोरीवर वाळत घालायचा.

"लाइक जर्की!" अनुपला हर्ष मावेना. परसात कपडे वाळवायची ती गोल फिरणारी तारांची छत्री होती. आजी पट्टे पसरत गेली, नातू छत्री फिरवत गेला. पिवळ्या-तांबड्या चान्या वाऱ्यावर हलायला लागल्या.

आणि नेमकी तेव्हाच धर्मपालची गाडी आली.

धर्मपाल पांढराशुभ्र सदरा घालून उतरला. सोबत लीना, त्याची बायको, एका हातात खिरीचं पातेलं आणि दुसऱ्या हातात स्मरणिकांचा खोका सावरत. गाडीच्या आरशाला दोन मास्क लोंबत होते. धर्मपालनं हसून भावाकडं पाहिलं, बहुधा काहीतरी चांगलं बोलायचं ठरवून आला होता. मग त्यानं तारा पाहिल्या. मग आईचे कोपरापर्यंत माखलेले हात पाहिले.

"आई, हे काय चाललंय?"

"चान्या घालतेय."

हा शब्द ओव्हाळांच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. धर्मपालनं तो कुठं ऐकला होता कुणास ठाऊक, पण तोंडात मारल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"किरण, तू आईच्या हातात सुरी दिलीस?"

"तिनं घेतली. आम्ही घाण करून ठेवली होती रे, तिनं सावरलं."

"आणि तू बघत बसलास. दादांच्या नावाचा कार्यक्रम आहे आज! सकाळपासून मी पाणीसुद्धा प्यायलो नाही की आधी वंदना होऊ दे. आणि इथं येऊन बघतो तर…"

"डॅड, चिल. इट्स जस्ट डिअर मीट. तू दर संडेला चिकन खातोस."

"चिकन वेगळं, हे वेगळं!"

"हाऊ?"

"हाऊ? सांगतो." धर्मपालचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला, ते जास्त वाईट वाटलं. "तिसरीत होतो. पोरं माझ्या अंगाला नाक लावून वास घ्यायची. म्हणायची, ढोराचा वास येतो का बघा रे. मी रडत घरी आलो. दादांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, त्यांना सांग, आमच्या घरानं ते कधीच सोडलं. मी दुसऱ्या दिवशी ताठ उभा राहून सांगितलं. त्या एका वाक्यावर मी शिकलो, इथवर आलो, घर बांधलं. आणि आज माझी आई कपड्यांच्या दोरीवर मांस वाळत घालतेय आणि माझा पोरगा त्याचा व्हिडिओ काढतोय. बंद कर तो फोन!"

अनुपनं फोन खिशात घातला. शांताबाईंना पोराची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला. आईला दोन्ही एकदम येऊ शकतं.

लीना शहाणी बाई. सासूशी तिचं फार गूळपीठ कधी नव्हतं, पण तिला चढलेले आवाज सोसत नसत. "आई, आधी हे बघा ना," ती घाईघाईनं म्हणाली, "किती सुरेख छापलंय. चष्मा नाहीये ना तुमचा, मी वाचते." आणि तिनं उभ्याउभ्याच एक पान उघडलं.

"'बहात्तरच्या भीषण दुष्काळात तुळशीराम ओव्हाळ आणि त्यांचे कुटुंब उपाशी राहिले, परंतु पडाच्या मांसाला, म्हणजे मेलेल्या ढोराच्या मांसाला, त्यांच्या घरात कोणी शिवले नाही. त्याच वर्षापासून त्यांनी मांसाहाराचा कायमचा त्याग केला आणि पंचशीलाचे…'"

"थांब," शांताबाई म्हणाल्या. "हे कुणी लिहिलं?"

"मी," धर्मपाल म्हणाला.

"कुटुंब उपाशी राहिलं?"

"आई, हात धू आणि आत चल."

"कुटुंब म्हणजे कोण रे? मी आणि तू. किरण पोटातसुद्धा नव्हता. मी उपाशी राहिले, खरं आहे. तू राहिला नाहीस."

"आई."

"तीन वर्षांचा होतास. मान धरत नव्हतास. सरकारी सुकडी मिळायची ती तुझ्या पोटात ठरायची नाही. हे खडी फोडायला गेलेले, आठ-आठ दिवस यायचे नाहीत. पाटलाचा बैल मेला, ओढ्यात टाकला. भर दुपारी गेले मी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माझ्या शेजघरात एक सुरी होती, माझ्या आईची, ती मी विहिरीत टाकली नव्हती. मांडीचं मांस काढलं, पदरात बांधून आणलं, आतल्या घरात अशाच चान्या घातल्या. त्यांचं पाणी उकळून तुला चमच्यानं पाजलं. चौथ्या दिवशी तू उठून बसलास. म्हणालास, आई, अजून."

तारांची छत्री वाऱ्यानं करकरली. अनुपला सगळं कळलं नव्हतं, पण तो आजीच्या बाजूला येऊन उभा राहिला होता.

"सातव्या दिवशी हे आले. घरात पाय ठेवल्याठेवल्या त्यांना वास आला. मी काही लपवलं नाही. ताटात वाढून समोर ठेवलं. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. ताटाकडं बघितलं आणि म्हणाले, 'मला भूक नाही.' तांब्याभर पाणी प्यायले आणि बाहेर जाऊन निजले. सकाळी एवढंच म्हणाले, पोराला कधी कळता कामा नये. त्या दिवसापासून मांस सोडलं त्यांनी. पंचशील वगैरे नंतर लोकांनी जोडलं. माझ्या हाताची किळस आली त्यांना, दुसरं काही नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मी वरण-भात वाढला आणि त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. मीही त्या दिवसापासून तोंडात घातलं नाही, पण माझं कुणी स्मरणिकेत छापलं नाही."

सगळ्यांत आधी किरण बोलला, आणि तो असं बोलेल असं शांताबाईंना वाटलं नव्हतं. आजवर हाच पोरगा त्यांच्या बाजूचा.

"मला का नाही सांगितलंस? तुझ्यासाठी मी ह्याच्याशी सात महिने बोललो नाही. झूमवर दोनशे माणसांसमोर दादांच्या शाकाहारावर भाषण केलं मी. तू पडद्यावर समोर बसून ऐकत होतीस. मूर्ख बनवलंस ना मला?"

"त्यांना शब्द दिला होता."

"त्यांना! मी कोण मग?" तो पाठ फिरवून पायऱ्यांवर जाऊन बसला. धर्मपालच्या शेजारी नाही, पण आईच्या शेजारीही नाही.

शांताबाई धर्मपालकडं बघत होत्या. तो हादरेल, ओरडेल, खोटं आहे म्हणेल, असं काहीतरी त्यांना वाटलं होतं. तो नुसता जमिनीकडं बघत होता. नवीन काही ऐकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"सगळं. बैल. ओढा. चमचा. दादांनी सांगितलं."

शांताबाईंचे हात खाली आले. एवढा वेळ त्यांना थंडी जाणवली नव्हती, ती आता जाणवली. "फोनवर," त्या म्हणाल्या. "त्या सात मिनिटांत."

धर्मपालनं मान हलवली.

"तुम्ही तर म्हणालात, ते काही बोललेच नाहीत," लीना म्हणाली. तिनं पातेलं आणि खोका दोन्ही गवतावर ठेवलं. "मी आईंना रोज रात्री समजावत होते, की दम लागला होता, बोलता येत नव्हतं. तुम्ही माझ्याकडूनही खोटं बोलवून घेतलंत?"

"तू मधे पडू नकोस."

"पडणार. सांगा त्यांना काय म्हणाले ते. आत्ता सांगा."

लग्नाच्या पंचवीस वर्षांत लीना नवऱ्याशी असं बोललेली शांताबाईंनी पाहिलं नव्हतं. धर्मपालनंही पाहिलं नसावं. त्यानं बायकोकडं बघितलं, भावाच्या पाठीकडं बघितलं, मुलाकडं बघितलं. एकही माणूस त्याच्या बाजूला उरला नव्हता.

"वॉर्डबॉयनं फोन धरला होता," तो म्हणाला. "एकेका शब्दाला दोनदा श्वास घ्यायचे. आधी बैलाचं सांगितलं. मला वाटलं तापात बरळतायत. मी ऐकत राहिलो. मग म्हणाले, मला किळस आली असं तिला वाटतं. तसं नव्हतं. वस्तीला शपथ मी घातली होती, मी खाल्लं असतं तर काय तोंड दाखवलं असतं? म्हणाले…" त्यानं आईकडं बघितलं. "म्हणाले, तिला सांग. मला भूक होती. त्या दिवशी मला फार भूक होती. एवढं तिला सांग, दुसरं काही नको."

झाडावर मॅगपाय पक्षी ओरडत होते. शांताबाई उभ्या होत्या तिथंच खाली बसल्या, ओल्या गवतात. हवा होता तो शब्द मिळाला होता. एवढा मोठा की त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. अठ्ठेचाळीस वर्षं त्या ज्या हातांकडं चोरासारखं बघत आल्या, त्या हातांत काही खोट नव्हती. त्या माणसाला भूक होती. नुसती भूक. आणि मरायला टेकल्याशिवाय तो ते बोलू शकला नाही. त्यांना नवऱ्याची दया यायला हवी होती. आला तो संताप. "खायचं होतं मग," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या. "ताटात होतं की."

मग त्यांनी लेकाकडं पाहिलं.

"आणि तू? त्यांनी मरताना पाठवलेला निरोप तू सात महिने दाबून ठेवलास. मी दारात उभी होते, धर्मपाल. काचेच्या पलीकडं."

"तुला सांगितलं असतं तर बैलही सांगावा लागला असता."

"मग?"

"मग मला ऐकायचं नव्हतं!" तो एकदम ओरडला. "एकावन्न वर्षांचा माणूस मी, दर एप्रिलला जयंतीला व्यासपीठावर उभा राहून सांगतो, आम्ही सोडलं, आम्ही सोडलं. आणि त्याच मांसावर जगलोय हे मला कळल्यावर मी कुठं जाऊ? विसरायचा प्रयत्न करत होतो. तू चार वेळा तोंडानं विचारलंस आणि नुसत्या नजरेनं विचारायचीस. रोज."

"तू जगलास ह्याची तुला लाज वाटते?"

धर्मपाल वळला. तो गाडीकडं गेला, आत बसला आणि दार लावून घेतलं. काच अर्धी उघडी होती.

कुणीतरी काहीतरी करायला हवं म्हणून लीना खाली वाकली आणि सासूला काखेत धरून उठवू लागली. "चला आई. कांदे मी चिरते. काळीज आजच करायचं म्हणालात ना?" अनुपनं आजीचा दुसरा हात धरला. पायऱ्यांवरून जाताना किरण जरा सरकला, वाट दिली. त्याची समजूत काढायला वेळ लागणार होता. आज शांताबाईंच्या अंगात ते बळ नव्हतं.

काळीज व्हायला वेळ लागत नाही. लसूण, कांदा, तिखट, मीठ, झाकण ठेवून दोन वाफा. शांताबाईंनी ताटलीत वाढून घेतलं आणि कुणाला काही न सांगता बाहेर आल्या. गाडी तिथंच होती. धर्मपाल स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

त्यांनी ताटली काचेपाशी धरली. "खा."

"नको, आई."

"पहाटेपासून पाणी नाही तुझ्या पोटात."

"मला नको म्हटलं ना."

वास आत गेला होता. त्यांनी त्याच्या गळ्याकडं बघितलं. घाटी वर गेली, खाली आली. तीन वर्षांचा असताना चमचा दिसला की अशीच हलायची. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, हात दुखेपर्यंत. ह्याच्या बापाच्या वेळी ताट उचलून त्या आत गेल्या होत्या, चुलीपाशी रडल्या होत्या आणि ते सगळं मांस पोरासाठी झाकून ठेवून स्वतः उपाशी निजल्या होत्या. त्याची गोष्ट झाली, शपथ झाली, स्मरणिका झाली.

शांताबाईंनी ताटलीतला एक तुकडा उचलला आणि लेकाच्या डोळ्यांसमोर तोंडात घातला.

दात कमी उरले होते, चावायला वेळ लागत होता. धर्मपालनं गाडी सुरू केली नाही आणि दारही उघडलं नाही. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. तिथंच, उभ्यानं, त्यांनी सगळी ताटली संपवली.